दोन खुर्च्या आणि बाबांची रक्षा

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

"माझे बाबा मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी ते पेठेच्या संघाचे गोलरक्षक होते. १९७६ साली डॉक्टर म्हणून ते लिव्हरपूलला आले आणि वॉल्टन भागात नोकरी करता करता एव्हर्टन या फुटबॉल क्लबचे होऊन गेले. सुरुवातीला एकटे जायला ते कचरत असत. तेव्हा शेजारचा एक गोदी कामगार त्यांना हाताला धरून मैदानावर नेई. गेली बावीस वर्षे क्लबच्या गुडिसन पार्क या मैदानावर बुलेन्स रोडच्या बाजूला बाबांची आणि माझी खुर्ची शेजारीशेजारी होती. गेल्या वर्षी मार्चमध्ये बाबा गेले. 'माझी थोडी रक्षा गुडिसनच्या मातीत पडू दे' असे त्यांनी सांगितले होते, पण क्लब आता तशी परवानगी देत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, कोणाला न विचारता मूठभर टाकून येऊ. कोल्हापूरचे काका म्हणतात, सगळी रक्षा नृसिंहवाडीलाच यायला हवी, चेंडूच्या वेडापायी बापाची गती अडवू नका. आई काहीच बोलत नाही. रक्षा अजून कपाटात आहे. क्लबच्या नव्या स्टेडियममधल्या दोन खुर्च्या बाबांनी स्वतः निवडल्या होत्या. दोन्हींचे पैसे मी भरले, पण एकदाही गेले नाही. माझे पती शहरातल्या प्रतिस्पर्धी लिव्हरपूल क्लबचे आहेत. ते म्हणतात, तिकिटे सोडून दे. नव्या मैदानावरचा पहिला सामना मी घरी टीव्हीवर पाहिला, गोल झाल्यावर ओरडले आणि मग स्वतःचीच लाज वाटून न्हाणीघरात जाऊन रडले. अकरा वर्षांची मुलगी विचारते, आजोबांची खुर्ची आता कोणाची? मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही रक्षेचा प्रश्न आधी मांडला आहे आणि खुर्चीचा शेवटी, जवळजवळ ओशाळून. माझ्या मते तुमचे खरे दुखणे त्या खुर्चीपाशी आहे. तरीही कपाटातल्या रक्षेचा निर्णय झाल्याशिवाय तुम्हाला दुसरे काही सुचणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बाबांची इच्छा जगावेगळी होती असे काकांना वाटते, आणि थोडेसे तुम्हालाही वाटत असावे, असे तुमच्या शब्दांवरून जाणवते. ती जगावेगळी नव्हती. गुडिसन पार्कच्या मातीत आठशेहून अधिक समर्थकांची रक्षा पुरलेली आहे, आणि ती क्लबच्या संमतीने पुरलेली आहे. २००४ सालापासून क्लबने नवे अर्ज नाकारले, ते जागाच उरली नाही म्हणून. बाबांनी अनेक वर्षे हे पाहिले आणि ऐकले असणार. त्यांच्या दृष्टीने ती त्या गावाची रीत होती, आणि ज्या गावात जवळजवळ पन्नास वर्षे काढली त्या गावाच्या रीतीने निरोप मिळावा असे एखाद्याला वाटले तर त्यात वेड कसले? जर्मनीत शाल्के क्लबच्या समर्थकांसाठी गेल्झेनकिर्शनच्या एका दफनभूमीत मैदानाच्या आकाराचा स्वतंत्र विभाग आहे आणि क्लबच्या स्थापनेचे वर्ष १९०४ म्हणून तिथे तेवढ्याच जागा आखलेल्या आहेत. हॅम्बुर्ग क्लबच्या समर्थकांसाठी तशीच जागा त्यांच्या स्टेडियमच्या जवळ आहे. काकांना हे जरूर सांगा, पण वादात जिंकण्यासाठी नको.

भावाची सूचना मात्र मला मान्य नाही. रक्षेत क्षार फार असतात आणि गवत त्याने जळते, हे तर आहेच. ज्या मैदानावर बाबांनी एवढा जीव लावला, तिथल्या हिरवळीवर करपलेला डाग ही त्यांची खूण ठरावी का? पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. पहारेकऱ्याची नजर चुकवून, खिशात पुडी घेऊन केलेले विसर्जन हे विसर्जन राहत नाही. त्या क्षणी तुमच्या मनात बाबा नसतील, पकडले जाण्याची भीती असेल, आणि पुढे आयुष्यभर गुडिसन म्हटले की तीच धडधड आठवेल. एक दाखला देतो. टॉमी लॉटन हा १९३८-३९ साली एव्हर्टनला विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघाचा मोठा खेळाडू. तो १९९६ साली वारला, तेव्हा त्याची रक्षा गुडिसनला देण्याचा विचार त्याच्या मुलाने केला होता, परंतु मैदान तिथेच राहील की नाही याची खात्री नसल्याने ती अखेर राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाकडे गेली. लॉटनच्या मुलाला जागा बदलावी लागली, म्हणून त्याने बापाचा शब्द मोडला असे कोणी म्हटले नाही. तुम्हालाही कोणी म्हणणार नाही.

आता काकांविषयी. ते गतीची भाषा बोलत आहेत, पण तिच्या आड एक जुना हिशेब असावा असे मला वाटते. त्यांचा भाऊ १९७६ साली गेला तो गेलाच. त्यानंतर तो पत्रांतून भेटला, दोन-तीन वर्षांनी पंधरा दिवसांसाठी भेटला, आणि शेवटी अग्नी द्यायलाही हाती लागला नाही. आता त्या भावाची रक्षा तेवढी घरी येऊ शकते, आणि पुतणी म्हणते की तीही एका परक्या मैदानाला द्यायची आहे. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर त्यांचा राग रास्त आहे. शिवाय फुटबॉलला ते चेंडूचे वेड म्हणोत, पण कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला हे वेड समजावून सांगावे लागत नाही. जिथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, जिथे राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की अख्ख्या गल्लीचे लक्ष तिकडे लागते, त्या गावातला माणूस हे बोलतो आहे तो दुःखाने. तुमच्या बाबांनी एव्हर्टनवर केलेले प्रेम मूळ त्याच मातीतले होते. ते फक्त दुसऱ्या पेठेत राहायला गेले, एवढेच.

कोल्हापूर आणि सांगलीकडच्या कित्येक गावांत आता रक्षा नदीत न सोडता स्वतःच्या शेतात पसरून वर झाड लावतात. नदी स्वच्छ राहावी हा हेतू असतो, आणि ज्या मातीत माणूस राबला तिच्यातच तो मिसळावा ही भावनाही असते. काकांनी असे रक्षाविसर्जन नक्की पाहिले असेल. बाबांचे शेत कोणते होते, हा प्रश्न त्यांनाच विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

रक्षा वाटून घेण्यात काही अडचण नाही. इंग्लंडच्या दहनगृहातून येणारी रक्षा साधारण दोन ते तीन किलो भरते. तिचे दोन भाग करा. एक भाग नृसिंहवाडीला, कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर जाऊ दे, आणि तो कुरिअरने पाठवू नका, स्वतः घेऊन जा. मृत्यूचा दाखला आणि दहनाचे प्रमाणपत्र सोबत ठेवा, तपासणी यंत्रातून आरपार दिसेल असे लाकडी किंवा प्लास्टिकचे भांडे घ्या, आणि विमान कंपनीला व भारतीय वकिलातीला आधी विचारून घ्या. दुसरा भाग मर्सी नदीत सोडा. एव्हर्टनचे नवे स्टेडियम ब्रॅम्ली-मूर गोदीच्या जागेवर, अगदी मर्सीच्या काठाला लागून उभे आहे. १८४८ साली सुरू झालेली ती गोदी बुजवून त्यावर हे मैदान बांधले गेले. बाबांना पहिल्यांदा मैदानावर नेणारा शेजारी गोदी कामगार होता, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. मला मात्र ते वाक्य वाचून थांबावे लागले. गुडिसनची माती मिळाली नाही, पण त्या शेजाऱ्याच्या गोदीचे पाणी मिळू शकते. इंग्लंडमध्ये वाहत्या नदीत रक्षा सोडायला सहसा परवाना लागत नाही, मात्र काठ कोणाच्या मालकीचा असेल तर विचारावे लागते. मर्सीला भरती-ओहोटी मोठी असते, म्हणून ओहोटी लागत असतानाची वेळ पाहा. फुले सोडायची असतील तर सुट्या पाकळ्या सोडा, प्लास्टिक नको.

हे सगळे ठरवण्याआधी आईशी बोला. पत्रात त्यांच्या वाट्याला तुम्ही एकच वाक्य दिले आहे. जो माणूस वर्षानुवर्षे शनिवारी दुपारी जेवण उरकून घरातून निघून जात असे आणि निकालाप्रमाणे हसत किंवा मुका होऊन परत येत असे, त्याच्यासोबत त्यांनी संसार केला. त्यांना गुडिसनचा अभिमान असेल किंवा मनातून रागही असेल. 'शनिवारी तिकडे, आणि मेल्यावरही तिकडेच?' असे त्यांच्या मनात येत असेल आणि मुलांपुढे बोलता येत नसेल. रक्षेवर पहिला हक्क त्यांचा आहे. 'काय करू या?' असे विचारले तर त्या 'तुम्ही ठरवाल तसे' म्हणतील. म्हणून 'तुम्हाला कुठे जाऊन हात जोडता यावेत असे वाटते?' असे विचारा. त्यांनी तिसरीच जागा सांगितली तर माझा वरचा सगळा सल्ला बाजूला ठेवा.

आणखी एक गोष्ट. तुमच्या पत्रात गुडिसन पार्क संपल्याचा सूर आहे. १८९२ साली सुरू झालेल्या त्या मैदानावर पुरुषांच्या संघाचा शेवटचा सामना १८ मे २०२५ रोजी झाला, साउथॅम्प्टनवर २-० असा विजय मिळाला आणि दोन्ही गोल एव्हर्टनच्या इलिमान एन्डियायेने केले, हे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत आहे. पण ते मैदान पाडले गेलेले नाही. २०२५-२६च्या मोसमापासून एव्हर्टनचा महिला संघ तिथे खेळतो आहे. त्या आठशे माणसांच्या मातीशेजारी आज मुली खेळत आहेत. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला तिथे नेल्याचे तुम्ही लिहिलेले नाही, याचे मला नवल वाटले. बुलेन्स रोडच्या बाजूचे तिकीट काढा आणि जमले तर तुमच्या जुन्या खुर्च्यांच्या आसपास बसा. रक्षा टाकण्यासाठी चोरून जाण्यापेक्षा नातीला घेऊन राजरोस दाराने जाणे बाबांना अधिक आवडले असते, असा माझा तर्क आहे. तर्कच आहे. त्यांना तुम्ही ओळखत होतात, मी नाही.

आता खुर्ची. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया क्लबच्या मेस्ताया मैदानात पंधराव्या रांगेत १६४ क्रमांकाच्या खुर्चीवर एका समर्थकाचा कांस्य पुतळा बसवलेला आहे. विसेन्ते नवार्रो असे त्याचे नाव. चोपन्नाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली, तरी तो सामन्यांना येत राहिला. शेजारी मुलगा बसे आणि मैदानावर काय चालले आहे ते सांगत असे. क्लबच्या शताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, क्लबने त्याला कायमचे त्याच्या जागी बसवले. मला त्या पुतळ्यापेक्षा शेजारच्या खुर्चीतून बोलणारा मुलगा अधिक दिसतो. बावीस वर्षे तुम्ही आणि बाबा एकमेकांना सामना सांगतच तर बसला होतात. पंचांना एकाच वेळी शिव्या घालणे, एकाने उठले की दुसऱ्याने कोट सांभाळणे, शेवटच्या दहा मिनिटांत घड्याळाकडे पाहू नकोस म्हणून एकमेकांना बजावणे, याला मी बोलणेच म्हणतो. ती संगत तुटली आहे. नव्या स्टेडियममध्ये जाऊन शेजारची रिकामी जागा पाहण्याची तुमची हिंमत होत नाही, हे मला पटते. पण दोन खुर्च्यांचे पैसे भरून दोन्ही रिकाम्या ठेवणे मात्र मला पटत नाही. ती जागा त्यांनी निवडली होती. ते तिथे कधी बसले नाहीत, म्हणून तिथे त्यांची आठवण नाही असे तुम्हाला वाटत असेल. मला ती अधिक जवळची वाटते. गुडिसनची खुर्ची त्यांच्या सवयीची होती. ही त्यांनी तुमच्यासोबत पुढे यायचे ठरवून घेतलेली होती.

व्यवहाराचे सांगतो. क्लबच्या तिकीट कार्यालयाला बाबांच्या निधनाची लेखी माहिती द्या आणि ते तिकीट कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करता येईल का ते विचारा. गेलेल्या माणसाचे कार्ड वापरत राहू नका, पुढे ऐनवेळी अपमान होतो. नाव मुलीचे लागले तर उत्तमच, पण 'आजोबांची खुर्ची' हे ओझे तिच्यावर लादू नका. अकरा वर्षांच्या मुलीला सामना कंटाळवाणा वाटण्याचाही हक्क आहे. पहिल्या मोसमात तिथे आलटून पालटून माणसे बसू देत. एकदा भाऊ, एकदा मुलगी, एकदा आई. बाहेरून आत जाताना विटांच्या भिंतीवरची नक्षी तिला दाखवा. गुडिसनच्या बुलेन्स रोड स्टँडला वास्तुरचनाकार आर्चिबाल्ड लीचने ज्या तिरप्या लोखंडी पट्ट्यांची जाळी केली होती, तिची आठवण म्हणून ती नक्षी तिथे आणली आहे.

एकदा तुमचे पतीही तिथे बसू देत, हे मी गंमतीने लिहीत नाही. ते तिकिटे सोडायला सांगतात ते तुमचे रडणे पाहवत नाही म्हणून, लाल रंगाचे, म्हणजे लिव्हरपूलचे, आहेत म्हणून नव्हे. १९८९च्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या दुर्घटनेत लिव्हरपूलचे समर्थक चेंगरून मेले. त्यांचा आकडा आज ९७ आहे. त्यानंतर लिव्हरपूल शहराने एव्हर्टनचे निळे आणि लिव्हरपूलचे लाल स्कार्फ एकमेकांना गाठी मारत मधले स्टॅन्ली पार्क ओलांडून दोन क्लबांची मैदाने जोडली होती. तुमच्या पतींना ही गोष्ट सांगण्याची गरज नसावी. डर्बीच्या, म्हणजे एव्हर्टन-लिव्हरपूल सामन्याच्या दिवशी मात्र त्यांना त्या खुर्चीत बसवू नका. सुतक असो वा नसो, काही गोष्टी बाबांनी खपवून घेतल्या नसत्या.

बाबांच्या खुर्चीला मी एवढे महत्त्व देतो याला आणखी एक कारण आहे. १९७०-८०च्या दशकांत इंग्लंडच्या मैदानांवर सावळ्या माणसाने उभे राहणे सोपे नव्हते. १९८८ साली गुडिसनवरच लिव्हरपूलचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉन बार्न्स याच्या दिशेने केळे फेकले गेले आणि त्याने ते टाचेने बाजूला सारले. ते छायाचित्र आजही निघते. बाबा एकटे जायला कचरत, असे तुम्ही लिहिता. ते का, हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितले होते का? तरीही ते जात राहिले आणि पुढे मुलीला सोबत घेऊन गेले. ती जागा त्यांना आयती मिळाली नव्हती, त्यांनी ती मिळवली होती. ती सोडून द्यायचीच असेल तर एखाद्या शांत दिवशी, विचार करून सोडा. पहिल्या वर्षाच्या दुःखात नको.

राहता राहिली तुमची लाज. २४ ऑगस्ट २०२५ रोजी ब्रायटनविरुद्ध एन्डियायेने नव्या मैदानावरचा पहिला गोल केला आणि तुम्ही ओरडलात. ओरडला नसतात तर बाबांनी विचारले असते, बरी आहेस ना? आदल्या फेब्रुवारीत गुडिसनवरच्या शेवटच्या लीग डर्बीत एव्हर्टनच्या टारकोव्हस्कीने अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला बरोबरी साधली, तेव्हा तुम्ही दोघे कसे ओरडला असाल, त्याची मला कल्पना करता येते. तोच आवाज सहा महिन्यांनी तुमच्या घरात पुन्हा निघाला. त्याच ब्रायटनच्या सामन्यात एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफोर्ड याने पेनल्टी अडवली होती. एका जुन्या गोलरक्षकाची मुलगी त्या क्षणी न्हाणीघरात रडत होती की बाहेर होती, हे तुम्ही लिहिलेले नाही. आत असाल तर तेवढा भाग पुन्हा पाहून घ्या.

कोल्हापूरला जाल तेव्हा एक काम करता येईल. तिकडे गेलेल्या माणसाच्या नावाने चषक किंवा बक्षीस ठेवण्याची रीत आहे. बाबांच्या जुन्या पेठेत मुलांच्या एखाद्या स्पर्धेत उत्तम गोलरक्षकासाठी त्यांच्या नावाने लहानसे बक्षीस ठेवा. पैसे तुम्ही द्या, पण ते कोणाला आणि कसे द्यायचे हे काकांना ठरवू द्या. बक्षिसासोबत निळ्या रंगाचे हातमोजे दिले तर त्यांची हरकत नसावी.

फोन कराल तेव्हा नृसिंहवाडीचा विषय लगेच काढू नका. बाबा पेनल्टीच्या वेळी कोणत्या बाजूला झेप घ्यायचे, हे आधी काकांना विचारा. तेवढे फक्त तेच सांगू शकतात.